शेकड्याला पाच वर

वाकनीस साहेबांनी अडकित्ते दुसऱ्यांदा मोजले, तरी ते पाचशे पंचवीसच भरले. त्यांनी चष्मा काढून पुसला, हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि मग इलाही शिकलगाराकडे पाहिलं. कागदावर 'पाचशे नग' असं स्वच्छ टाइप केलेलं होतं. आणि इकडे शिवाजी पेठेतल्या त्या काजळलेल्या भट्टीत, पेंढा भरलेल्या खोक्याशेजारी, पंचवीस-पंचवीस अडकित्त्यांचे एकवीस ढीग रांगेने मांडलेले होते.

"शिकलगार, हे जास्त कसे?"

"जास्त कुटं? बरोबर हायत की," इलाही म्हणाला. "शेकड्याला पाच वर. पाच शेकडं, पंचवीस वर."

"वर म्हणजे काय?"

इलाहीच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. आजाने अडकित्ते घडवले, बापाने घडवले, तो स्वतः घडवत होता, आणि शेकड्याने माल उचलणाऱ्याला पाच नग वर घालायचे ही रीत तिघांनीही कधी मोडली नव्हती. भट्टीत कोळसा घालतात, पात्याला पाणी देतात, तसे शेकड्यावर पाच घालतात. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

"वर म्हंजी वरच की सायेब. फुकाट. गिऱ्हाईक दारातनं हसत गेलं पायजे."

वाकनीस साहेब हसले नाहीत. त्यांनी मोजणीच्या रजिस्टरात 'प्रत्यक्ष आढळलेले नग : ५२५' असं शाईने आधीच लिहून टाकलं होतं.

सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा तो फेब्रुवारी महिना. त्याच्या आदल्या वर्षी सरकारच्या असं लक्षात आलं होतं की, आपल्या देशातून बाहेर माल पाठवायला फार वेळ लागतो आणि फार खर्च येतो. एका खोक्यापायी चौदा कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. हा त्रास कमी व्हावा म्हणून सरकारने पंधरावी कचेरी काढली. तिचं काम असं की, कारागिराच्या दारातच माल मोजायचा, दारातच खोक्याला लाखेचं सील ठोकायचं, आणि मग बोटीत चढेपर्यंत ते खोकं वाटेत कोणी उघडायचं नाही. एकवीस दिवसांत माल समुद्रावर. कोल्हापुरात या कचेरीचे प्रमुख म्हणून वाकनीस आले. पुण्याचे, सडसडीत, कामाची खरोखर आवड असलेले गृहस्थ. माणूस लाचखाऊ नव्हता, हीच मोठी अडचण झाली. लाचखाऊ असता तर पंचवीस अडकित्त्यांचं प्रकरण चहाच्या दुसऱ्या कपाला मिटलं असतं.

इलाहीला त्यांच्या योजनेत जायचंही नव्हतं. मोंबासाचे व्यापारी करमअलीशेठ गूळ बघायला कोल्हापुरात आले होते, तेव्हा पेठेत पान खाताना त्यांनी इलाहीचा अडकित्ता हातात घेतला, वाळलेली सुपारी कागदासारखी पातळ कातरली आणि तिथल्या तिथे पाचशे नगांची मागणी दिली. तिकडे आफ्रिकेत आपल्याकडची माणसं खूप, सुपारी सगळ्यांना लागते, आणि विलायती अडकित्त्याने ती कातरत नाही, फुटते, असं त्यांचं म्हणणं. रमजान ईदेच्या आत माल पोचला आणि पसंत पडला, तर दरवर्षी हजार घेऊ, असं ते सांगून गेले. मुंबईच्या एका दलालामार्फत खोकं धाडायचं ठरतही होतं. पण वाकनीस साहेबांना योजनेचं पहिलं खोकं हवं होतं. ते स्वतः भट्टीवर आले, ऐरणीशेजारच्या स्टुलावर बसले आणि एकवीस दिवसांचं वचन देऊन इलाहीचा अंगठा न घेता रीतसर सही घेऊन गेले.

"मग ऱ्हाऊ द्या, पंचवीस काडून ठेवतो," इलाही म्हणाला. त्याला वाटलं, विषय संपला.

"आता काढता येणार नाहीत. मी नोंद केली आहे. मोजणीत आढळलेले नग नंतर कमी झाले, तर ते गेले कुठे, असा प्रश्न येतो."

"मग पाचशे पंचवीस लिवा."

"लिहीन की. जादा पंचवीसची किंमत सांगा."

"किंमत न्हाई. फुकाट हायत म्हनलं न्हवं का!"

"फुकट माल देशाबाहेर जाऊ शकत नाही, शिकलगार. परकीय चलन बुडतं."

आतापर्यंत भात्यापाशी उकिडवा बसलेला पिराजी इथे उठला. पिराजी म्हणजे इलाहीचा घण. गेली बावीस वर्षं इलाहीने लाल पातं ऐरणीवर धरायचं आणि पिराजीने घण मारायचा, असं चाललेलं होतं. इलाहीच्या हातोडीने 'टिंग' केलं की पिराजीचा घण नेमका तिथे पडायचा; दोघांना कामात बोलावं लागत नसे. घणाशिवाय शिकलगार म्हणजे एका हाताने टाळी. दुसरा कोणी घणकरी आता पेठेत उरला नव्हता, कारण पोरांना उद्यमनगरात लेथवर उभं राहायचं होतं.

"म्हंजी सायेब," पिराजी म्हणाला, "आमचं पंचवीस अडकित्तं गेल्यावर देस बुडतुया व्हय?"

"नियम सगळ्यांना सारखा," वाकनीस म्हणाले, पण त्यांनाही ते सांगताना थोडं अवघडल्यासारखं झालं. त्यांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं, बराच वेळ चाळलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "तीन वाटा आहेत. एक, 'नमुना' दाखवायचा. पण नमुना विकता येऊ नये म्हणून तो निकामी करून पाठवावा लागतो. म्हणजे प्रत्येक पात्याला भोक पाडायचं."

पिराजीने नुसतं घणाकडे पाहिलं. साहेबांनी घाईने पान उलटलं.

"दुसरी वाट, 'चूक'. तुम्ही लिहून द्या की, मोजण्यात चूक झाली, पंचवीस जास्त पडले, पुन्हा असं होणार नाही. मी ते काढून तुमच्या ताब्यात देतो आणि उद्या सकाळी सील मारतो."

झालं असतं, खरोखर उद्याच झालं असतं. पण माणसाचा स्वभाव आडवा येतो. इलाहीने कमरेवर हात ठेवले.

"चूक न्हवं ती. तीन पिढ्या आमी चुकत आलो व्हय? मोजाया येत न्हाई काय मला? ते न्हाई लिवायचं मी."

"मग तिसरी वाट. 'भेट'. यात मात्र घेणाऱ्याशी नातं काय, ते लिहावं लागतं. करमअलीशेठ तुमचे कोण?"

"गिऱ्हाईक."

"गिऱ्हाइकाला भेट देता येत नाही. नातेवाइकालाच."

मग पिराजी गालातल्या गालात हसला. "लिवा की साडू. त्यात काय? साडू कुटंबी असतोय."

इलाही काही बोलायच्या आत साहेबांच्या झरणीने 'साडू' हा शब्द रकान्यात उतरवलासुद्धा. खोकं मुकाट्याने कोपऱ्यात सरकवण्यात आलं, त्याला सुतळी बांधून वर कचेरीचा कागद चिकटवण्यात आला, आणि पुण्याहून मंजुरी आठवड्यात येईल असं सांगून वाकनीस सायकलवरून गेले. जाताना त्यांनी इलाहीच्या बायकोने, रशिदाने दिलेल्या चहाचीही तारीफ केली.

पुण्याचं पत्र आठवड्यात नव्हे, पाचव्या आठवड्यात आलं. पत्रात अभिनंदन वगैरे काही नव्हतं. खरेदीदार विक्रेत्याचा साडू आहे, असं विक्रेत्याच्याच सहीने दिसतं, तेव्हा या व्यवहारातली पाचशे नगांची किंमतसुद्धा खरी कशावरून, अशी पृच्छा होती. साडूला माल स्वस्तात दाखवून उरलेली रक्कम बाहेर ठेवायचा हा प्रकार नाही ना? तरी खरेदीदार आणि विक्रेता यांच्यात नातं नसल्याचा तहसील कचेरीचा दाखला सादर करावा, आणि तोपर्यंत खोकं जागचं हलवू नये.

"म्हंजी पयलं नातं लावाया सांगिटलं, आता तोडाया सांगत्यात," इलाही म्हणाला.

"तुम्ही नातं नसल्याचा दाखला आणा, मी बाकीचं बघतो," वाकनीस म्हणाले. त्यांचा स्वर इतका प्रामाणिक होता की शिव्या देण्याचीही सोय नव्हती.

तहसील कचेरीतल्या कारकुनाने इलाहीचा अर्ज दोनदा वाचला आणि शेजारच्या कारकुनाला बोलावून तिसऱ्यांदा वाचून दाखवला. नातं असल्याचा दाखला मिळतो, नसल्याचा कसा द्यायचा, असा त्याचा सवाल होता, आणि तो काही अगदीच खोटा नव्हता. शेवटी त्याने तोडगा काढला. साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. तेव्हा बायकोच्या बहिणी किती, त्या कुठे दिल्या, आणि त्यांचे नवरे कोण, हे त्या नवऱ्यांनीच समक्ष येऊन लिहून द्यावं. सगळे साडू हजर झाले आणि त्यात करमअली नावाचा कोणी नसला, की दाखला.

रशिदाच्या बहिणी दोन. थोरली खतिजा मिरजेला, धाकटी चाँदबी गडहिंग्लजला. इलाहीने दोन कार्डं टाकली : 'तिसऱ्या साडूबद्दल सरकारात लिहून द्यायचं आहे, तातडीने यावे.' बिचाऱ्याला पोस्टकार्डावर जास्त लिहायला जागा नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने खतिजा मिरजेहून आली ती दारातूनच रडत आली. तिच्यामागे तिचा नवरा हुसेन, हाताची घडी घालून.

"कुटं हाय ती?" खतिजा म्हणाली.

"कोन?" रशिदाला कळेना.

"चौथी! बानं आफ्रिकेत दिल्याली! अगं, बा व्यापाराला म्हनून मुंबईला चार-चार म्हयनं ऱ्हायाचा, तवा अम्मा रडायची, ते ह्येच्यापायी व्हय! मेल्या माणसाचं असलं निगालं, आन सांगतं कोन, तर जावाय, आन तेबी कार्डावर! आमच्या गल्लीत पोष्टमननं मोठ्यानं वाचलं की गं!"

"अगं आक्का, तसं कायबी न्हाई, ते अडकित्त्याचं..."

"अडकित्त्याचं नाव नको काडू!"

दुपारी गडहिंग्लजहून चाँदबी आणि तिचा नवरा कुतुबुद्दीन आले. चाँदबी रडली नाही. तिने सरळ विचारलं की, बापाची मिळकत तिघींत वाटायची ती आता चौघींत वाटणार काय? मिळकत म्हणजे बापाचं एक शिवणयंत्र, ते खतिजाकडे होतं, आणि त्यावरून बहिणींत बोलाचाली आधीपासून होती. ती आता नव्याने सुरू झाली. साडूंसाठी म्हणून रशिदाने कोंबडी कापली होती, ती निम्मी पातेल्यातच राहिली. कुतुबुद्दीनने मात्र दोनदा रस्सा घेतला आणि मोंबासाला बोटीने किती दिवस लागतात, याची चौकशी केली. नातं असलंच तर एकदा जाऊन यावं, असा त्याचा हिशेब होता.

सगळं उलगडून सांगता सांगता इलाहीचा घसा बसला. तिसऱ्या दिवशी दोघे साडू तहसीलदारासमोर उभे राहिले. हुसेनने 'आमच्या सासऱ्याला तीनच मुली' असं लिहून दिलं, पण सही करताना इलाहीकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर काही सरळ नव्हती. रशिदाने त्या दिवसापासून इलाहीशी कामापुरतंच बोलायला सुरुवात केली. "अवो, जेवाया वाडलंय," एवढंच. तिच्या बापाच्या कबरीवर चिखल उडाला होता, आणि तो कुठल्याही दाखल्याने धुतला जाणार नव्हता.

ह्या सगळ्यात एप्रिल उजाडला. खोकं कोपऱ्यातच होतं. त्याच्यावर काजळी बसली होती, आणि उंदरांनी एका बाजूने पेंढा ओढून काढला होता. पेठेत अडकित्त्याला फारसं गिऱ्हाईक उरलं नव्हतं; पानपट्टीवाले मशीनवर कातरलेली सुपारी पुड्यांतून आणत होते. मोंबासाची दुसरी मागणी आली तर भट्टी चालणार होती, न आली तर नाही. हे इलाहीला ठाऊक होतं, पिराजीला ठाऊक होतं, आणि पिराजीच्या बायकोला, बनाबाईला तर सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं.

पाच तारखेला पिराजी भट्टीवर आला तो घणाला हात न लावता उंबऱ्यावरच बसला.

"बावड्याच्या साखर कारखान्यातनं कागूद आलाय," तो खाली बघत म्हणाला. "वाचमन म्हनून. पंदरा तारखेला हजर व्हायचं."

इलाहीने पातं भट्टीतून काढलं होतं, ते तसंच पुन्हा निखाऱ्यात खुपसलं.

"जातूस?"

"मी न्हाई म्हनलो. पर बना काय म्हनाली म्हाईत हाय? म्हनाली, दोन म्हयनं झालं ते खोकं जाग्यावरनं हाललं न्हाई. ते पंदराच्या आत हाललं तर ऱ्हावा तुमी, जल्मभर घण मारा, मी बोलायची न्हाई. न्हाई हाललं तर डरेस घालायचा." पिराजीने वर पाहिलं. "मी तिला हां म्हनलोय, इलाहीभाई. खोकं हाललं की मी कुटंबी जात न्हाई."

बावीस वर्षांत पिराजी एवढं सलग कधी बोलला नव्हता. इलाही त्याच दिवशी कचेरीत गेला. दाखला पुण्याला गेला होता. पुण्याने दाखला मान्य केला होता, पण आता साडू नाही म्हटल्यावर 'भेट' रद्द झाली होती, म्हणजे पंचवीस अडकित्ते पुन्हा पहिल्यासारखेच बेवारशी झाले होते. वाकनीसांनी टेबलावरचा कागद त्याच्यापुढे सरकवला. तो फेब्रुवारीतलाच कागद होता. 'माझ्याकडून मोजण्यात चूक झाली.'

इलाही तसाच परत आला. सहा दिवस तो भट्टीवर येत होता, भाता चालवत होता आणि काही घडवत नव्हता. लोक म्हणतील, एक सही ती काय. पण ज्याच्या घरात आजाच्या वेळेपासून गिऱ्हाइकाला वर घालायचं ठरलेलं, त्याने 'मला मोजता येत नाही' असं सरकारला लिहून द्यायचं, हे गिळायला सोपं नव्हतं. बापाला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, तरी त्याच्यासमोरच खोटं बोलतोय असं इलाहीला वाटत होतं. पण एका बाजूला गेलेला बाप होता आणि दुसऱ्या बाजूला जिता पिराजी. बारा तारखेला संध्याकाळी इलाही कचेरीत गेला आणि त्याने सही केली.

"दोन म्हयन्यामागं केली असती तर..." तो म्हणाला.

"मीही तेच म्हणत होतो," वाकनीस म्हणाले. "पण काही हरकत नाही. आता सगळं मोकळं झालं. सील मारायला मी स्वतः येतो. फक्त उद्यापासून तीन दिवस मी पुण्यात आहे, सोळाला सकाळी पहिलं काम तुमचं."

"सोळा नको सायेब! पंदराच्या आत खोकं हाललं पायजे. माजा मानूस जातोय."

"सील माझ्याशिवाय कोणी मारू शकत नाही, शिकलगार. आणि पुण्याला जाणं मला भाग आहे. निर्यातीतला विलंब कसा टाळावा, यावर परिसंवाद आहे. पहिलं भाषण माझंच आहे."

पंधरा तारखेला सकाळी पिराजी भट्टीवर आला. खाकी कपडे कागदात गुंडाळलेले, काखेत. त्याने खोक्याकडे पाहिलं, खोक्याजवळ जाऊन ते पायाने थोडं ढकललंही. ते वीतभर सरकलं.

"हाललं की रं," इलाही म्हणाला.

"असलं हालल्यालं बनाला चालायचं न्हाई," पिराजी म्हणाला. दोघेही हसले. पिराजीने घण उचलून भिंतीला नीट टेकवून ठेवला, ऐरणीला हात लावून तो कपाळाला लावला आणि गेला.

सोळा तारखेला सकाळी साडेनऊला खोक्याला सील लागलं, आणि दुपारी तीनला ते रेल्वेच्या मालगाडीत चढलं. वाकनीस साहेबांनी स्वतः हमालाला हात दिला. योजनेच्या अहवालात या पहिल्या खोक्याचा वेगळा उल्लेख झाला. कागदपत्रं पूर्ण झाल्याच्या तारखेपासून वेळ मोजायचा, असा नियम होता. साहेबांनी पुण्याहून धाडलेली शेवटची टिपणी पंधराची होती, त्यामुळे 'निर्यातीस लागलेला वेळ' या रकान्यात 'एक दिवस' असं आलं. इतका कमी वेळ देशात कुठेच लागला नव्हता. वाकनीस दिल्लीला बढतीवर गेले आणि जाताना इलाहीला आवर्जून भेटून गेले. त्यांनी हात हातात घेऊन आभार मानले, आणि ते मनापासून मानले.

करमअलीशेठचं पत्र गणपती बसल्यानंतर आलं. मोडक्यातोडक्या हिंदीत होतं. माल पोचला, जरा उशीर झाला, पण अडकित्ता पाहून लोक खूश आहेत. मात्र एक गोष्ट मनाला लागली, असं त्यांनी लिहिलं होतं. शेकड्याला पाच वर घालतो, असं तुम्हीच कोल्हापुरात सांगितलं होतं, मी ते इथे चार लोकांना कौतुकाने सांगितलं, आणि खोकं उघडून मोजलं तर कोरडे पाचशे निघाले. परदेशात पाठवायचं म्हटल्यावर हात आखडलात, होय ना? असो. आता हजार पाठवा, पण वरच्या पन्नासांसकट.

इलाहीने पत्र दोनदा वाचलं आणि रशिदाला वाचून दाखवलं. बऱ्याच महिन्यांनी ती कामाव्यतिरिक्त एक वाक्य बोलली.

"आदी पिराजीभावजींना घिऊन या. बाकीचं मागनं बगू."

बावड्याच्या कारखान्याच्या फाटकात पिराजी उभा होता. खाकी डरेस, डोक्याला टोपी, खांद्याला शिट्टीची दोरी. कपडे थोडे ढगळ होते, पण शोभत होते, हे इलाहीला कबूल करावं लागलं. इलाहीला पाहून पिराजीचा चेहरा फुलला, आणि लगेच त्याने मागच्या कचेरीच्या खिडकीकडे चोरून पाहिलं.

"या, सावलीत या. पर आदी हितं नोंद कराया लागती." त्याने लाकडी केबिनमधलं रजिस्टर उघडलं. "नाव?"

"माजं नाव तुला ठावं न्हाई व्हय रं?"

"ठावं हाय की. पर इचारून लिवायचं असतंय. खिडकीतनं बगत्यात."

"इलाही बाबालाल शिकलगार."

"काम?"

"तुला न्ह्याला आलोय."

पिराजीने क्षणभर पेन्सिल थांबवली आणि मग 'खाजगी' असं लिहिलं. "जवळ लोखंडी वस्तू काय?"

"अडकित्ता."

"किती?"

"एक."

'अडकित्ता, नग १', पिराजीने लिहिलं. मग इलाहीने पत्र काढलं, त्यातलं हजारचं वाक्य त्याला वाचून दाखवलं आणि पत्राची घडी घालत त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

"हज्जार," पिराजी म्हणाला. त्याचा हात पट्ट्यावर होता, तो खाली आला आणि घणाचा दांडा धरावा तसा आवळला गेला. मग सैल झाला. "फुडल्या म्हयन्यात पर्मनंट करत्यात मला, इलाहीभाई. बना डरेस वाळत घालती तवा आळीतल्या बाया बगाया येत्यात. तिला काय सांगू?"

"तुज्याबिगर एकबी हुयाचा न्हाई रं."

"ठावं हाय."

उसाचा हंगाम अजून सुरू झाला नव्हता. फाटकातून एक सायकल आत गेली, पिराजीने तिचा नंबर लिहिला. मग त्याने खिशातून आख्खी सुपारी काढली. दाताने फोडून फोडून तिची एक बाजू झिजली होती. इलाहीने अडकित्ता पुढे केला. पिराजीने तो उघडला, मिटला, पात्यावरून अंगठा फिरवला आणि सुपारी कातरू लागला. एकसारखे पातळ काप त्याच्या तळहातावर पडत गेले, जराही आवाज न करता.

"ठेव तो तुज्याकडं," इलाही म्हणाला. "निदान दात तरी ऱ्हातील."

पिराजीची बोटं अडकित्त्याभोवती मिटली. मग त्याने रजिस्टराकडे पाहिलं.

"आत एक आलाय. भाईर जाताना एक दिसला पायजे."

"ते खोड की मग."

"खाडाखोड चालत न्हाई. इचारत्यात, एक नग गेला कुटं." त्याने अडकित्ता मिटला, बाहीला पुसला आणि इलाहीच्या हातात परत दिला. तळहातावरचे काप मात्र त्याने निम्मे केले आणि इलाहीच्या दुसऱ्या हातावर ओतले. "ह्ये घिऊन जा. सुपारीचा रकानाच न्हाई."

इलाहीने 'बाहेर जाण्याची वेळ' या रकान्यापुढे सही केली आणि काप तोंडात टाकून तो एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागला.